फ्लूचा केसपेपर आणि त्याचा कोड: ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

ऑगस्ट सरत आला की ओपीडीच्या खिडकीवरची रांग दाराबाहेर जाते. पऱ्हाटीत निंदण चालू असतं, सोयाबीन शेंगा धरत असतं आणि प्रत्येक घरात एक तरी माणूस तापानं पडलेला असतो. दुपारी टेबलावर केसपेपरचा गठ्ठा येतो, तेव्हा कितीतरी कागदांवर एकच ओळ दिसते: "ताप, अंगदुखी, ३ दिवस. व्हायरल."

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात रेकॉर्ड सांभाळते. प्रत्येक निदानाला कॉम्प्युटरमध्ये एक ठरलेला कोड द्यावा लागतो. पहिल्या वर्षी असे सगळे कागद मी इन्फ्लुएंझाच्या, म्हणजे फ्लूच्या कोडखाली टाकले. व्हायरल म्हणजे फ्लूच, अशी माझी समजूत होती. दोन आठवड्यांनी तालुक्याहून विचारणा झाली, कारण एका गावात फ्लूचा आकडा एकाएकी चढलेला दिसत होता. गावात जाऊन पाहिलं तर त्यातल्या बऱ्याच जणांना डेंग्यू होता. त्या गावात धूरफवारणी उशिरा पोचली. माझ्या नोंदीत डेंग्यूचा संशय येईल असं काही नव्हतंच. त्या कागदांवर खोकल्याचा एक शब्द नव्हता, तरी मी फ्लू लिहिला होता. ते दिवस मी विसरलेले नाही आणि हे सगळं लिहिण्याचं कारणही तेच आहे.

नव्याने आलेले डेटा एन्ट्री ऑपरेटर, सिस्टर, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी आणि बाँडवर आलेले तरुण डॉक्टर, सगळ्यांसाठी हे आहे. एक गोष्ट आधीच सांगते. कोड कॉम्प्युटरमध्ये रोमन अक्षरातच टाकायचा असतो. इथे मी आपण बोलतो तसा लिहिला आहे.

पायरी १: पेशंट समोर असतानाच विचारून घ्या

कोडिंगची चूक बहुतेक वेळा कोडिंगच्या टेबलावर होत नाही. ती ओपीडीत होते आणि पेशंट उठून गेल्यावर लक्षात येते, तोवर तो एसटीत बसलेला असतो.

आपल्याकडे माणूस सांगतो, "मॅडम, आंग मोडून रायलं, डोकं फुटून रायलं, कायी खावंसं वाटत नाही." हे ऐकून 'व्हायरल' लिहून मोकळं होऊ नका. खोकला आहे का, घसा दुखतो का, नाक वाहतं का, हे स्वतंत्र विचारा आणि नसेल तर 'खोकला नाही' असं लिहा. नसलेलं लक्षण लिहिणं नव्या माणसाला फुकटचं काम वाटतं. पण नंतर कागद वाचणाऱ्याला तेच सांगतं, की तुम्ही विचारलं होतं.

ताप मोजून आकडा लिहा. इन्फ्लुएंझासारख्या आजाराची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या अशी आहे: ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त मोजलेला ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या १० दिवसांत सुरू झालेला. आपल्या थर्मामीटरवर फॅरनहाइट असतं, म्हणजे १००.४. 'अंग गरम' या शब्दांनी ही व्याख्या पूर्ण होत नाही.

आता तारखेबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. '३ दिवसांपासून' असं लिहिलेला कागद दुसऱ्या दिवशी फॉलोअपला आला की त्यावर पुन्हा '३ दिवसांपासून' असंच उतरवलं जातं. म्हणून आजार सुरू झाल्याची तारीख लिहा. गावातली आजी तारीख सांगणार नाही, पण "तान्ह्या पोळ्याच्या रात्रीपासून" किंवा "मंगळवारच्या बाजारातून आली अन् झोपली" असं हमखास सांगेल. कॅलेंडर भिंतीवर असतंच. तिथे बघून तारीख काढा आणि कागदावर मांडा. ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोग होतो, तो हिशोब याच तारखेवरून होतो. आजार १० दिवसांच्या आतला आहे की नाही, हेही हीच तारीख सांगते. गावात साथ कुठून सुरू झाली हे शोधायचं झालं, तर पहिल्या पेशंटची तारीखच धागा असते.

श्वासाचा वेग पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा वेग मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर तो जलद श्वास धरायचा. पल्स ऑक्सिमीटरचा आकडाही लिहा. 'दम लागतो' आणि 'श्वास मिनिटाला ३४, ऑक्सिजन ९१' यातला फरक रेफर केलेल्या दवाखान्यातल्या डॉक्टरला पहिल्या नजरेत कळतो.

आधीचे आजार विचारताना विदर्भात एक प्रश्न कधीच चुकवू नका: सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे का? गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ या पट्ट्यात सिकलसेलचे पेशंट आहेत, आणि साधा वाटणारा फ्लू त्यांच्यासाठी साधा नसतो. काहींच्या खिशात सिकलसेलचं कार्ड असतं, मागितल्याशिवाय ते काढत नाहीत. त्यासोबत गरोदरपण, साखर, दमा, हृदयाचा आणि किडनीचा आजार, कॅन्सर, एचआयव्ही, दीर्घकाळ चालू असलेलं स्टेरॉइड हेही विचारा.

आणि आपल्या मातीतले बाकीचे ताप डोक्यात ठेवा. गडचिरोलीकडून आलेल्या तापात मलेरियाची तपासणी झाली का, ते लिहा. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग असेल तर तो स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, असू शकतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याचे बरेच पेशंट निघाले होते. फवारणीच्या दिवसांत नाक-डोळे गळतात, उलट्या होतात, छाती भरते, असा शेतमजूर आला तर "काल फवारा मारला का?" हे आधी विचारा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर थुंकीची तपासणी.

पायरी २: कॅटेगरी लिहा, पण तिला कोड समजू नका

इन्फ्लुएंझाच्या पेशंटची ए, बी, सी अशी विभागणी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. सौम्य ताप, खोकला किंवा घसादुखी, सोबत अंगदुखी, डोकेदुखी, जुलाब, उलटी असेल किंवा नसेल, ती ए. तिला स्वॅब नको, ओसेल्टामिविर नको, घरी विश्रांती आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा तपासणी. बी मध्ये दोन भाग आहेत: याच लक्षणांसोबत जोराचा ताप आणि घशाला जास्त त्रास असेल तर पहिला, आणि पेशंट गरोदर, ६५ किंवा त्याहून जास्त वयाचा किंवा वर सांगितलेल्या जुन्या आजारांपैकी एखादा असलेला असेल तर दुसरा. बी मध्ये डॉक्टर ओसेल्टामिविर सुरू करू शकतात, स्वॅबची गरज नसते. सी म्हणजे धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब घसरणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं, लहान मुलानं दूध-अन्न नाकारणं, किंवा जुना आजार एकदम बळावणं. सी चा पेशंट भरती करायचा, स्वॅब घ्यायचा आणि रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करायचे.

ही कॅटेगरी उपचार ठरवते. कोड निदान सांगतो. 'कॅटेगरी सी' असं लिहून निदानाची जागा कोरी ठेवलेले कागद माझ्याकडे येतात. त्यावर कोड देता येत नाही. सकाळी ए मध्ये असलेला पेशंट रात्री सी मध्ये जाऊ शकतो, म्हणून कॅटेगरीसमोर तारीख आणि वेळ टाका.

पायरी ३: निदानाची ओळ डॉक्टरांचीच

इथे सगळ्यांना सारखाच नियम आहे. निदान डॉक्टर लिहितात, कोड देणारा ते निदान कोडमध्ये उतरवतो. औषधांत ओसेल्टामिविर दिसलं म्हणून आपण मनाने फ्लू लिहायचा नाही, कारण ते नुसत्या संशयावरही दिलेलं असू शकतं. लॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे आणि डॉक्टरांच्या ओळीत अजून 'तीव्र श्वसनसंसर्ग' एवढंच असेल, तर तो रिपोर्ट कागदाला लावून त्यांच्यापुढे ठेवायचा आणि ओळ पूर्ण करून घ्यायची. "सर, ही ओळ एवढी स्पष्ट करून द्या" असं म्हणायला नव्या माणसाला संकोच वाटतो. वाटू देऊ नका. मी जितक्या डॉक्टरांना हे विचारलं, त्यांनी गर्दीतही दोन शब्द वाढवून दिले.

डॉक्टरांच्या ओळीत तीन गोष्टी असल्या की कोड आपोआप सापडतो. फ्लू हे निदान आहे की नुसता संशय, विषाणू तपासणीत सापडला का आणि कोणता, आणि त्याने शरीरात काय केलं. एक चांगला लिहिलेला कागद मी दरवर्षी नव्या मुलांना दाखवते. नाव-गाव झाकून त्यातला मजकूर असा:

"स्त्री, ५४ वर्षे. २६ ऑगस्टपासून ताप, कोरडा खोकला. २८ ला रात्रीपासून दम. ताप १०२.२ फॅ., श्वास मिनिटाला ३२, ऑक्सिजन ९० टक्के. साखरेचा आजार, गोळ्या चालू. सिकलसेल नाही. फवारणीचा संपर्क नाही. मलेरिया रॅपिड निगेटिव्ह. एक्स-रे: दोन्ही बाजूंना खाली न्यूमोनिया. कॅटेगरी सी, २९ ऑगस्ट, सकाळी १०.४०. निदान: इन्फ्लुएंझाचा संशय, न्यूमोनियासह. स्वॅब घेतला, रिपोर्ट बाकी. ओसेल्टामिविर ७५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, ५ दिवस, आज सुरू."

हा कागद लिहायला डॉक्टरांना फार तर तीन मिनिटं जास्त लागली असतील.

पायरी ४: कोड

आपण वापरतो ते आयसीडी-१०, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती. त्यात इन्फ्लुएंझाची घरं तीन आहेत. जे०९ म्हणजे प्राण्यांकडून आलेला किंवा जागतिक साथीचा, तपासणीत ओळखलेला विषाणू. जे१० म्हणजे तपासणीत ओळखलेला हंगामी विषाणू. जे११ म्हणजे इन्फ्लुएंझा आहे, पण विषाणू ओळखलेला नाही.

त्यानंतर टिंबापुढचा आकडा. जे१० आणि जे११ दोन्हीत शून्य म्हणजे न्यूमोनियासह, एक म्हणजे श्वसनमार्गाचा इतर त्रास, आठ म्हणजे इतर त्रास, उदाहरणार्थ फ्लूमुळे मेंदूवर किंवा हृदयाच्या स्नायूवर झालेला परिणाम. वरच्या मावशींचा कोड भरतीच्या दिवशी जे११.० होतो. स्वॅबमध्ये हंगामी इन्फ्लुएंझा निघाला आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं की तोच जे१०.० होईल. सोबत साखरेचा कोड ई११, डॉक्टरांनी प्रकार २ असं लिहिलेलं असेल तर.

डॉक्टरांनी नुसतं 'इन्फ्लुएंझा' किंवा 'इन्फ्लुएंझासारखा आजार' लिहिलं असेल आणि तपासणी नसेल, तर जे११.१. नुसतं 'व्हायरल फिव्हर' लिहिलं असेल तर तो फ्लू नाही. तो बी३४.९, म्हणजे अनिर्दिष्ट विषाणूसंसर्ग. नुसता 'ताप' असेल तर आर५०.९. साधी सर्दी जे००. 'वरच्या श्वसनमार्गाचा संसर्ग' जे०६.९. माझी पहिल्या वर्षीची चूक या एका परिच्छेदात मावते.

आता स्वाइन फ्लू. २००९ मध्ये हा विषाणू नवा होता. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी जागतिक साथ जाहीर केली आणि १० ऑगस्ट २०१० रोजी ती संपल्याचं सांगितलं. तेव्हापासून तोच एच१एन१ दरवर्षी येणाऱ्या हंगामी फ्लूचा भाग झाला आहे. म्हणून आज लॅबकडून 'इन्फ्लुएंझा ए, एच१एन१ पीडीएम०९' असा रिपोर्ट आला तर जे१० वापरा. कपाटातलं कोडचं पुस्तक जुनं असेल तर जे०९ चं शीर्षक त्यात वेगळं दिसेल, तेव्हा मुखपृष्ठावरचं आवृत्तीचं साल आधी बघा. कागदावरही 'स्वाइन फ्लू' लिहू नका, विषाणूचं पूर्ण नाव लिहा. त्या शब्दाने गावात एखाद्या घराशी पाणी-विस्तव बंद झालेला मी पाहिला आहे. केसपेपरचा किंवा रजिस्टरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, हे त्याच अनुभवातून सांगते.

जे०९ क्वचितच लागेल, पण आपल्याला तो परका नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने, म्हणजे बर्ड फ्लूने, दगावले. कोंबड्या पाळणारा किंवा कोंबडीबाजारात काम करणारा पेशंट गंभीर फ्लू घेऊन आला, तर "कोंबड्या मेल्या का?" हे विचारा, उत्तर लिहा आणि डॉक्टरांना सांगून जिल्ह्याला लगेच फोन करायला लावा. कोड त्यानंतरचं काम आहे आणि तो लॅबच्या खात्रीशिवाय द्यायचा नाही.

पाय घसरण्याच्या जागा बऱ्याच आहेत. मला माहीत असलेल्या सांगते.

हिमोफिलस इन्फ्लुएंझा हा जिवाणू आहे. नाव सारखं असलं तरी फ्लूशी त्याचा संबंध नाही. त्याचा न्यूमोनिया जे१४, जागा न सांगितलेला संसर्ग ए४९.२. सॉफ्टवेअरच्या शोधपट्टीत 'इन्फ्लु' टाकलं की तोही यादीत येतो आणि पॅराइन्फ्लुएंझा हा वेगळा विषाणूही येतो, म्हणून पहिल्या ओळीवर क्लिक करायची घाई करू नका.

डॉक्टर 'सारी' लिहितात, म्हणजे भरती करावा लागणारा तीव्र श्वसनसंसर्ग. तो सर्वेक्षणाचा शब्द आहे. शोधात त्याच्या जवळचं 'सार्स' सापडतं, यू०४.९, आणि नवा माणूस ते निवडतो. सार्स हा वेगळाच आजार आहे. 'सारी' दिसलं की डॉक्टरांना विचारा, आत काय आहे? न्यूमोनिया असेल आणि कारण माहीत नसेल तर जे१८.९. खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग एवढंच म्हणायचं असेल तर जे२२.

फ्लूचा न्यूमोनिया जे१०.० किंवा जे११.० मध्ये धरलेला आहे. त्याच्यासोबत जे१८.९ पुन्हा लावला तर एकाच आजाराची दोनदा नोंद होते. जुलाब-उलट्यांना लोक 'पोटाचा फ्लू' म्हणतात. तो फ्लू नाही, ए०९ कडे जातो. गरोदर बाईला फ्लू असेल तर आधी ओ९९.५ आणि मग फ्लूचा कोड. सिकलसेल असेल तर डी५७ जोडा, त्यातही वेदनेचा झटका आहे की नाही यावरून टिंबापुढचा आकडा बदलतो. कोविड आणि फ्लू दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर यू०७.१ आणि जे१०, दोन्ही लागतात.

रॅपिड किट निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाहीच असं धरू नका. या किटमधून खरे पेशंट सुटतात. डॉक्टरांनी तरीही इन्फ्लुएंझा लिहिलं असेल तर जे११, आणि निगेटिव्ह किटची नोंदही कागदावर राहू द्या.

नागपूर-अमरावतीच्या क्लासमधून मेडिकल कोडिंग शिकून आलेल्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. तुम्ही शिकलात ती अमेरिकेची सुधारित आवृत्ती आहे. तिथे जे१०.०० किंवा जे०९.एक्स२ असे लांब कोड असतात. आपल्याकडे मूळ आवृत्तीचे चार खुणांचे कोड चालतात. तुमची शिस्त आणा, जास्तीचे आकडे तिकडेच ठेवा. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे आणि तिच्यात हंगामी इन्फ्लुएंझा १ई३० आहे, हे कानावर असू द्या. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जी आवृत्ती आहे तीच वापरा, दोन्हींची सरमिसळ नको.

पायरी ५: स्वॅब आणि त्याची चिठ्ठी

स्वॅबची काडी सिंथेटिक असावी लागते. आपण कापसाच्या मुलखातले, पण लाकडी दांड्याची कापसाची काडी इथे चालत नाही, ती पीसीआर तपासणीत अडथळा आणते. नमुना विषाणूवाहक द्रवाच्या नळीत, २ ते ८ अंशांवर, तिहेरी पॅकिंग करून पाठवायचा. दुपारच्या गाडीने जाणार असेल तर आइसपॅक सकाळीच बघून ठेवा.

रेकॉर्डवाल्यांचं काम नळीवरच्या नावापासून सुरू होतं. नळी, चिठ्ठी आणि केसपेपर या तिन्हींवर नाव, वय आणि नोंदणी क्रमांक अक्षरशः सारखा असला पाहिजे. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाच्या तीन बाया सापडतात. केसपेपरवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, असंही होतं. क्रमांकाशिवाय नुसत्या नावावर विसंबलात तर रिपोर्ट भलत्याच कागदाला लागेल. चिठ्ठीवर आजार सुरू झाल्याची तारीख आणि नमुना घेतल्याची तारीख, दोन्ही टाका.

पायरी ६: आयएचआयपीची नोंद

साथरोग सर्वेक्षणाचं काम आता आयएचआयपी (इंटिग्रेटेड हेल्थ इन्फर्मेशन प्लॅटफॉर्म) या सरकारी पोर्टलवर होतं, २०२१ पासून. गावपातळीवरची लक्षणांवरून केलेली नोंद एस फॉर्ममध्ये, डॉक्टरांच्या निदानाची पी फॉर्ममध्ये, लॅबची एल फॉर्ममध्ये. तिथले शब्द आयसीडीचे नाहीत, तिथे 'इन्फ्लुएंझासारखा आजार' असा रकाना असतो. नवे लोक इथे गोंधळतात आणि सगळे जे११ तिकडे किंवा तिकडचे सगळे इकडे ओढतात. दोन्ही ठिकाणी केसपेपरवरूनच भरा. पेशंटचं गाव लिहा, दवाखान्याचं नाही. साथ गावात असते, आणि गाव चुकलं तर आशाताई चुकीच्या वस्तीत दारं वाजवत फिरतात.

पायरी ७: डिस्चार्ज कार्ड

भरतीच्या वेळचं संशयाचं निदान कार्डावर तसंच उतरवून काढू नका. शेवटचं निदान नव्याने लिहून घ्या. रिपोर्ट बाकी असेल तर 'रिपोर्ट बाकी' असं लिहा. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर कार्डावरचं निदान, एक्स-रे, लॅबचा रिपोर्ट आणि कोड एकमेकांशी जुळतात का, ते फाइल बंद करण्याआधी एकदा बघा. जुळत नसतील तर शंका विचारणारं पत्र परत येणारच. लसीसाठी आलेला निरोगी माणूस फ्लूच्या यादीत घालू नका, त्याचा कोड झेड२५.१.

पायरी ८: मृत्यू झाला तर

हे लिहिताना हात जड होतो, पण याच कागदावर सगळ्यात जास्त काळजी हवी. रुग्णालयातल्या मृत्यूचं वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये असतं. पहिल्या भागात वरून खाली साखळी लिहायची असते: वरच्या ओळीत थेट कारण, खाली त्याचं कारण, सगळ्यात खाली जिथून सुरुवात झाली तो आजार. दुसऱ्या भागात हातभार लावणारे जुने आजार.

मी पाहिलेल्या एका प्रमाणपत्रावर वर 'हृदय व श्वसनक्रिया बंद' आणि खाली दोन ओळी कोऱ्या होत्या. आत फाइलमध्ये एच१एन१ चा पॉझिटिव्ह रिपोर्ट होता. प्रत्येक माणसाचं हृदय शेवटी बंदच पडतं, त्यातून आजार कळत नाही. बरोबर साखळी अशी झाली असती: (अ) तीव्र श्वसनविकार लक्षणसमूह, २ दिवस, (ब) न्यूमोनिया, ४ दिवस, (क) इन्फ्लुएंझा ए, एच१एन१, ७ दिवस. दुसऱ्या भागात: मधुमेह, ९ वर्षे. मूळ कारण जे१०.०. प्रत्येक ओळीसमोरचा कालावधीचा रकाना भरा, त्यावरूनच साखळीचा क्रम पटतो. ही ओळ डॉक्टरांनी लिहायची आहे. आपण फक्त फाइलमधला रिपोर्ट वेळेवर त्यांच्यासमोर ठेवायचा. घरचे लोक बाहेर पायरीवर बसलेले असतात, घाई असते, तरी रिपोर्ट समोर ठेवल्याशिवाय सही घेऊ नका.

पायरी ९: उशिरा आलेला रिपोर्ट आणि चुकीची दुरुस्ती

स्वॅबचा रिपोर्ट पुष्कळदा पेशंट घरी गेल्यावर येतो. त्यासाठी टेबलावर एक साधी शंभर पानी वही ठेवा. स्वॅब गेला त्या दिवशीच तिच्यात नोंदणी क्रमांक, नमुन्याची तारीख आणि सध्याचा कोड लिहायचा. रिपोर्ट आला की तो डॉक्टरांना दाखवायचा, त्यांनी निदानाला तारीख टाकून पुरवणी ओळ लिहिली की मग कोड बदलायचा, आणि वहीत त्या ओळीसमोर नवा कोड टाकायचा. आमच्याकडे दर सोमवारी सकाळी ओपीडी सुरू होण्याआधी ही वही उघडतात आणि आदल्या आठवड्यातल्या कोऱ्या ओळींसाठी लॅबला फोन लावतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि डॉक्टरांनी निदान बदललं, तर जे११ काढून नवं निदान टाकायचं. त्यांनी इन्फ्लुएंझा कायम ठेवलं तर जे११ तसाच राहील.

चूक खोडताना व्हाइटनर वापरू नका, चिठ्ठी चिकटवू नका. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारा, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर शब्द, सही, तारीख. कॉम्प्युटरमध्ये कोड बदलला तर केसपेपरवरही बदला, आणि तो पेशंट आयएचआयपीवर गेलेला असेल तर त्याच दिवशी तिथली नोंद दुरुस्त करून तालुक्याच्या सर्वेक्षण पाहणाऱ्या माणसाला फोन करून सांगा. मावशींचा रिपोर्ट सहाव्या दिवशी आला होता. वहीत त्यांच्या ओळीसमोर जे११.० वर रेघ आहे, शेजारी जे१०.० आहे आणि खाली सही.